टेंभुर्णीचा नमुना

हैदराबादहून प्राध्यापकांचं पत्र आलं, त्यात एकाच शब्दाखाली लाल शाईची रेघ होती. नमुना. पत्र उर्दूत होतं, पण हा शब्द उर्दूतही तोच आणि मराठीतही तोच, म्हणून मी समजलो की आपल्याला तो कळला. त्या एका समजुतीपायी मी पुढचा सबंध उन्हाळा टेंभुर्णीभर हिंडलो.

ते हैदराबाद संस्थानाचे दिवस होते. मी औरंगाबादला एका शाळेत मास्तर होतो आणि हैदराबादच्या त्या प्राध्यापकांच्या हाताखाली मानसशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करत होतो. मानसशास्त्र म्हणजे भूत उतरवायची विद्या, असा आमच्या नातलगांचा समज होता. तो मी फारसा दूर केला नाही, कारण त्यामुळे पंगतीत तूप जरा जास्त पडायचं. प्रबंधाचा विषय मीच काढला होता, खेड्यातल्या माणसांना पडणारी स्वप्नं. प्राध्यापकांना विषय आवडला, पण त्यांची एक अट होती. त्यांनी लिहिलं होतं, "अख्ख्या गावाला विचारणं तुम्हाला जमणार नाही. थोड्यांनाच विचारा, पण ते थोडे असे घ्या की त्यांच्या तोंडून अख्खं गाव बोललं पाहिजे. कोणाला विचारायचं हे तुमच्या मनानं ठरवाल, तर तुम्हाला तुमचीच स्वप्नं ऐकू येतील. नमुना कसा घेणार ते आधी ठरवा."

गाव मात्र मी माझ्याच मनानं ठरवलं होतं. पत्रात कळवलं, 'शेती आणि व्यापार दोन्ही असलेलं मोठं गाव म्हणून टेंभुर्णी निवडलं आहे.' खरं कारण एवढंच की टेंभुर्णी आमच्या आक्काचं सासर, आणि तिच्या हातच्या भाकरीसारखी भाकरी मला औरंगाबादेत कुठं मिळत नव्हती. लबाडी पहिल्या पायरीपासूनच होती, हे आता कबूल करायला काही हरकत नाही.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं लग्न लहानपणीच झालं आणि सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. तेव्हापासून ती थोरल्या दिरांच्या घरात राहत होती. दिरांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा वाईट नव्हते. तिला दोन वेळचं जेवण, वर्षाची लुगडी, सगळं बराबर होतं. घरातलं जातं असतं तशी ती त्या घरात होती. तिच्यावाचून चालत नसे, आणि तिच्याकडे वळून कुणी बघतही नसे. शेतात काय पेरायचं, पाहुण्याला काय करायचं, गाय ठेवायची की द्यायची, हे सगळं तिच्यासमोर बोललं जाई, पण तिला विचारून कधी नाही. मीसुद्धा सुट्टीला गेलो की "आक्का, वाढ" एवढंच म्हणायचो.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चावडीवर गेलो. पाटलांना रामराम घातला आणि ऐटीत सांगितलं, "पाटील, मला गावचा नमुना पाहिजे."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "किती पायजे?"

"म्हणजे, अख्खं गाव कळलं पाहिजे असा."

"समजलो. उद्या या."

दुसऱ्या दिवशी चावडीच्या ओट्यावर पाच माणसं ओळीनं बसवलेली होती. पहिला रोज सकाळी सूर्याला रामराम घालून, सूर्याकडून जबाब येईपर्यंत जागचा हलत नसे. दुसऱ्यानं बायकोशी कैक वर्षं अबोला धरला होता आणि तो तिला सगळे निरोप बैलामार्फत सांगायचा. "हे बैला, तिला म्हणावं, आज वांगं नको." तिसऱ्याच्या डोक्यावर दोन पागोटी होती, एक त्याचं आणि एक वारलेल्या भावाचं. उरलेल्या दोघांचं मला आता नीट आठवत नाही, पण तेही कमी नव्हते.

"गावात याच्यापरीस मोठे नमुने न्हाईत, मास्तर," पाटील म्हणाले. "जेवढे व्हते तेवढे जल्दी गोळा केले. तुम्हाला धरून सहा झाले."

चावडी हसली. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. प्राध्यापकांचा नमुना आणि पाटलांचा नमुना यांच्यात एक आख्खी गोदावरी वाहते, हे मला तिथं कळलं. तरी त्या पाचांची स्वप्नं मी लिहून घेतलीच. गंमत म्हणजे त्या पाचांना स्वप्नं अगदी साधी पडत. सूर्याला रामराम घालणाऱ्याच्या स्वप्नात त्याची चप्पल हरवायची, आणि तो रात्रभर चप्पलच शोधायचा.

मग मी दुसरी युक्ती केली. देवळापुढच्या पारावर वही घेऊन बसलो, जो येईल त्याला विचारू लागलो. भरपूर लोक आले, पण ते सगळे रिकामटेकडे. ज्याला काम होतं तो रानात होता आणि जिला काम होतं ती चुलीपुढं होती. त्यात एकाचं स्वप्न बाकीचे ऐकत. एकानं सांगितलं, आपण विहिरीवरून उडून गेलो, आणि पाराला ते आवडलं. दुसरा लगेच जालन्यापर्यंत उडाला. तिसरा बदनापूरला उतरून, चहा पिऊन, आगगाडीच्या पुढं परत आला. संध्याकाळपर्यंत टेंभुर्णीची निम्मी पुरुषमंडळी आभाळात होती.

त्यानंतर ओळखीतून ओळख काढत गेलो. एका म्हाताऱ्यानं मला त्याच्या साडूकडे धाडलं, साडूनं व्याह्याकडे, व्याह्यानं मेव्हण्याकडे. आठ दिवस हिंडल्यावर ध्यानात आलं की मी एकाच गोतावळ्याच्या अंगणात गोल गोल फिरून राहिलोय, आणि सगळ्यांच्या स्वप्नात एकच नाग एकाच वारुळातून निघतोय. त्या नागाचं मला फार कौतुक वाटलं, पण तो काही अख्ख्या गावाचा नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी वही आपटून जेवायला बसलो. आक्का भाकरी थापत होती. मी चिडून म्हणालो, "अगं, शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, मग चार माणसांवरून गावाची का होत नाही?"

"आपल्याकडं भात कुठं शिजतो रोज?" ती तव्यावरची भाकरी फिरवत म्हणाली. "भाताचं एक शीत दाबलं का झालं. सारखंच आसतंय ते. भाकरीचं तसं न्हाई. हिकडची कड करपती, तिकडची कच्ची ऱ्हाती. भाकर सगळीकडून बघावी लागती, बाबा. तू एकाच कडंला चिमटा घेऊन राह्यला."

मी घास तसाच धरून बसलो. प्राध्यापकांनी तीन पानांत जे लिहिलं होतं ते तिनं एका भाकरीत सांगितलं होतं. मी मात्र "वा" सुद्धा म्हणालो नाही. तिनं टाकलेली दुसरी भाकरी घेतली आणि खोलीत जाऊन प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्यात भाकरीचा दाखला माझा म्हणून दिला.

उत्तर आलं. 'दाखला उत्तम. आता कुराअंदाजी करा.' म्हणजे चिठ्ठ्या टाका. गावातल्या प्रत्येक वयानं मोठ्या माणसाच्या नावाची चिठ्ठी करा, सगळ्या एका भांड्यात घाला, आणि डोळे मिटून काढा. ज्याची निघेल त्याच्याकडे जा, मग तो आवडो न आवडो. खाली पुन्हा लाल रेघ होती. 'जवळचे नातलग वगळा. ते तुम्हाला बरं वाटेल तेच सांगतील.'

पटवाऱ्याकडच्या यादीत नुसती पुरुषांची नावं होती, आणि तीही ज्यांना जमीन होती त्यांचीच. गावाबाहेर मेंढरंवाल्यांची वस्ती होती, ती यादीत नव्हतीच. मी ती वस्ती फिरून लिहून आणली. बायकांच्या नावांची मात्र पंचाईत होती. परक्या पुरुषाला कोण आपलं नाव सांगतं? शेवटी आक्काच कामाला आली. शेवया वळता वळता ती घराघरातली नावं सांगत गेली, लेकीसुनांची, सासवांची, परसातल्या खोलीत राहणाऱ्या कुणा मावशीची. गावातल्या प्रत्येक बाईचं नाव तिला पाठ होतं. मी शाळेच्या वह्यांचे कागद फाडून चिठ्ठ्या करत गेलो. सगळी नावं संपली तेव्हा तिनं शेवईचं टोक तोडलं आणि विचारलं, "माझी केली का?"

मला तेव्हा माझ्या शास्त्राची मोठी घमेंड होती. मी चष्मा पुसत तिला समजावून सांगितलं, "नात्यातलं माणूस चालत नाही, आक्का. आपला तो बाब्या होतो. तू मला बरं वाटेल तेच सांगशील, मग सगळं मुसळ केरात."

"बराबर हाये," ती म्हणाली, आणि पुढची शेवई वळायला घेतली.

भांडं म्हणून एक नवं मडकं आणलं. चिठ्ठ्या कुणी काढायच्या, हा प्रश्न होता. माझा हात नको, कारण माझ्या हाताला कागदाच्या घड्या ओळखीच्या होत्या. आक्काला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिचा हात सगळ्यांत निर्मळ. मी तिला बोलावलं तेव्हा आप्पांच्या मंडळी कुरकुरल्या, "चांगल्या कामाला तिचा हात कशाला पहिला?" मी म्हणालो, हे चांगलं काम नाही, शास्त्राचं काम आहे.

रोज दिवेलागणीच्या आधी ओसरीवर मडकं यायचं. आक्का हात धुऊन, पदर डोक्यावर नीट घेऊन बसायची. डोळे मिटायची आणि मडक्यात हात घालायची. तिच्या मनगटावर गोंदलेले पाच ठिपके होते, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. ते मडक्याच्या काठाशी एकेक करून दिसेनासे व्हायचे. एक चिठ्ठी काढायला खरं तर किती वेळ लागतो? पण ती फार वेळ लावायची. आत तिची बोटं कागद हलवत राहायची आणि पावसाळ्याआधी झाडाची पानं हलतात तसा बारीक आवाज यायचा. मी घाई करायचो, "काढ गं, कोणतीही काढ." ती चिठ्ठी काढून माझ्या हातात द्यायची आणि मी नाव वाचेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायची. रोज पाच, असे आठ दिवस. मला चाळीस माणसं हवी होती.

आणि काय माणसं निघाली! पाटलांनी ती कधी धाडली नसती, पारावर ती कधी आली नसती. मेंढरंवाल्यांची एक म्हातारी निघाली. तिनं सांगितलं, तिच्या स्वप्नात मेंढरं आपापली लोकर उतरवून काठावर ठेवतात आणि नदीत अंघोळीला जातात. परत आल्यावर कुणाची लोकर कुणाची हे ओळखू येत नाही, म्हणून ती रात्रभर एकेकाला लोकर घालून बघते. "सकाळी हात दुखत्यात," ती म्हणाली, आणि खरंच हात चोळत होती. एक शेतकरी निघाला. त्याच्या स्वप्नात ज्वारी घरात उगवायची, अंथरुणातून, कोनाड्यातून, देवाच्या पाटावरून. कणसं मोडू नयेत म्हणून तो अंग चोरून चालायचा. हे सांगतानाही तो माझ्यासमोर अंग चोरूनच बसला होता. आणखी एक जण होता, त्याचा बैल मागल्या साली मेला होता. स्वप्नात तो बैल भोकरदनच्या कचेरीत उभा राहून उर्दू कागद वाचत होता. "आमाला कुनाला ते वाचता येत न्हाई, मास्तर," तो म्हणाला, "पर ह्यो बिलकुल न अडकता वाचून राह्यला. समदं बराबर वाचलं त्यानं. मी भाईरून ऐकून राह्यलो." त्याचे डोळे भरून आले होते. मी लिहायचं थांबलो नाही, पण माझंही अक्षर त्या पानावर वेडंवाकडं आलंय.

त्या दिवसांत माझंच डोकं ठिकाणावर नसायचं. दुपारच्या उन्हात एका घरातून दुसऱ्या घरी जाताना वाटायचं, हे गाव जमिनीपासून बोटभर वर उचललेलं आहे. समोरून पाण्याची घागर घेऊन बाई यायची, आणि मला माहीत असायचं की काल रात्री हीच बाई घागरीत बसून पूर्णा ओलांडून गेली होती. रामराम कुणाला घालावा तेच कळेनासं झालं होतं.

सहाव्या की सातव्या संध्याकाळी आक्कानं काढलेली एक चिठ्ठी कोरी निघाली. उलटून पाहिली. कागदावर काजळीचे डाग पडले होते, बाकी काही नाही.

"ही कोरी आहे," मी म्हणालो. "चुलीजवळ मडकं ठेवतेस का? काजळी लागलीय. दुसरी काढ."

"नीट बघितली का?"

"अगं, कोरीच आहे. काढ दुसरी, जल्दी."

तिनं ती चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. निघालेल्या चिठ्ठ्या मी एका पत्र्याच्या डबीत जपून ठेवत होतो, प्राध्यापकांना दाखवायला. तिनं ती डबीत टाकली आणि पुन्हा मडक्यात हात घातला. त्या खेपेला तिनं वेळ लावला नाही. हाताला लागली ती काढली.

चाळीस पुरे झाले. मी खुशीत होतो. निघायच्या सकाळी आक्कानं भाकरी आणि ठेचा बांधून दिला. वाकून नमस्कार केला तेव्हा ती म्हणाली, "सगळ्यांना इचारून झालं म्हन." मी म्हणालो, "झालं." अर्धी वाट बैलगाडी, अर्धी वाट मोटार, असा जालन्याला आलो आणि दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या गाडीत बसलो.

गाडी सुटल्यावर वेळ जाईना, म्हणून डबी उघडून चिठ्ठ्या मोजल्या. एकेचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या. मग ती काजळीची हातात आली आणि मला तिची अडचण वाटून मी ती खिडकीतून फेकणार होतो. उजेडात धरली. डाग नव्हते ते. बोटाच्या टोकानं टेकवलेले ठिपके होते, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक.

मी लहान असताना आमच्या गावी गोंदणारीण आली होती. आक्काचं मनगट तिनं गोंदलं तेव्हा मी आक्काच्या मांडीवर होतो. सुई तिला टोचत होती आणि रडत मी होतो. "माझी खूण बघ," ती मला समजावत होती, "हरवलास तर ह्याच्यावरनं वळखायचं मला."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. ही म्हण मी दर साली पोरांना वाक्यात उपयोग करायला द्यायचो. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं तव्याची काजळी बोटाला लावून स्वतःची सही केली होती. माझा नियम तिनं मोडला होता, पण त्यापलीकडे काही लबाडी केली नव्हती. बोटांनी शोधून ती पहिल्याच दिवशी काढता आली असती. ती रोज डोळे मिटून सगळ्या गावात मिसळली होती, आणि निघेल तेव्हा निघेल म्हणून वाट बघत होती. खरोखर निघाली तेव्हा मी म्हणालो, कोरी आहे. मला त्या गाडीच्या डब्यात माझी इतकी लाज वाटली की समोरच्या बाकावरचा माणूस विचारू लागला, पोटात दुखतंय का.

बदनापूर आलं तसा ट्रंक घेऊन उतरलो. परतीची गाडी संध्याकाळी होती. फलाटावर एका लिंबाखाली बसून राहिलो. ऊन रुळांवरून पाण्यासारखं हलत होतं आणि त्या पाण्यात कुणाकुणाची मेंढरं, कुणाची ज्वारी, एक बैल, सगळं हळूहळू इकडून तिकडं जात होतं. त्यात आक्का कुठं दिसत नव्हती. आयुष्यभर जिच्या हातचं खाल्लं, ती झोपेत काय बघते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही आजवर ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेंभुर्णीत पोहोचलो. आक्का अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होती. मला बघून दचकली.

"काय इसरलं रे?"

मी चिठ्ठी पुढं केली. तिनं बघितली, आणि कुणी बघत नाही ना म्हणून घराकडे एक नजर टाकली. मग म्हणाली, "नात्यातलं चालत न्हाई ना पर?"

"चिठ्ठी निघालीय तुझी. निघाली की चालतं."

तिनं हात धुतले. पदर डोक्यावर घेतला आणि ओसरीवर मडक्यापुढं बसायची तशी ताठ बसली. मी वही काढली. पहिला प्रश्न विचारला, "तुला स्वप्नं पडतात का?"

"तुमाला म्हन," ती म्हणाली. "समद्यांना म्हन्तोस तसं."

मी घसा साफ केला. "तुम्हाला स्वप्नं पडतात का?"

"न्हाई पडत," ती म्हणाली. चाळीस माणसांत 'नाही' कुणीच म्हटलं नव्हतं. विचारणाऱ्याला नाही कसं म्हणावं, म्हणून सगळ्यांनी काही ना काही दिलं होतं. "कुकू पुसलं तवापासून एक बी न्हाई. अंग टाकलं का सकाळच. पर तू आल्ता, अन् ते मडकं आलं, तवापासून रोज एकच पडून राह्यलं."

"काय?"

"मी हात घालते मडक्यात. चिठ्ठ्याच न्हाईत आत. मडक्याला बूडच न्हाई. हात आपला खाली जातो, खाली जातो, गार लागतं, आडाच्या पाण्यावानी. खांद्यापस्तोर गेला तरी जातोच. अन् मंग खाली कुनीतरी माझा हात धरतं."

"भीती वाटते?" हा वहीतला चौथा प्रश्न होता.

"न्हाई. भ्या कशाचं?" ती आपल्या तळहाताकडे बघत होती. "तो हात ऊन आसतो. ताज्या भाकरीवानी ऊन. मी वर काढत न्हाई मंग. तसंच ऱ्हाते."

कोणाचा हात, हे माझ्या वहीत नव्हतं. म्हणून मी विचारलं नाही. तिनं फक्त विचारलं, "माझा नंबर कितवा?" मी सांगितलं, एकेचाळीस. ती आकडा तोंडात घोळवत शेवयांकडे गेली. चालताना इतकी हलकी दिसत होती, की मला आमच्या अंगणातली परकर नेसलेली आक्का आठवली.

हैदराबादेत प्राध्यापकांनी एकेचाळिसावा कागद वाचला आणि त्यावर लाल शाईनं आडवी रेघ मारली. मी भांडलो. "चिठ्ठी निघाली होती," मी म्हणालो. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "चिठ्ठी तिनं टाकली होती. ती तुमची बहीण आहे. आणि हे स्वप्न तुम्ही विचारायला जायच्या आधी नव्हतंच, ते तुमच्या मडक्यातून आलंय. हे मोजलंत तर तुम्ही स्वतःला मोजलंत." ते बरोबर होते. पुढं मी शिकवायला लागलो तेव्हा विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो, आणि दर वेळी प्राध्यापकांचा राग आला. प्रबंध चाळीसच स्वप्नांवर मंजूर झाला. नमुन्याची निवड निर्दोष आहे असा त्यावर शेरा आहे.

संक्रांतीला बांधीव प्रत घेऊन टेंभुर्णीला गेलो. वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. आक्काला खरं ते सांगायचं, नियम समजावून सांगायचा, ती "बराबर हाये" म्हणेल. तिनं पुस्तक हातात घेतलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, उर्दू अक्षरांकडे कौतुकानं बघितलं.

"माझं कुठं हाये ह्यात?"

मी पुस्तक घेतलं. हाताला आलं ते पान उघडलं. पानावर एक कोष्टक होतं, वरपासून खालपर्यंत नुसते आकडे. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो. मी हात घालते मडक्यात, चिठ्ठ्या नाहीत आत. मडक्याला बूड नाही. हात खाली जातो, गार लागतं. कुणीतरी हात धरतं. भीती वाटत नाही. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि तिचा उजवा हात मांडीवरून हळूहळू खाली सरकत होता. मी तिथंच आवरतं घेतलं.

"झालं?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"झालं."

"हात ऊन व्हता, ते राह्यलं."

मी बोट एक ओळ खाली सरकवलं आणि तेही वाचलं.